वाट दाखवणारे, वाट लावणारे

आमच्या पिढीला पत्ता सांगायची भारी हौस. ठाण्यात कापूरबावडीच्या नाक्यावर एखाद्या नवख्या माणसानं "सँडोझ कंपनी कुठे आली हो?" असं विचारायचा अवकाश, पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत चार जण सरसावायचे. पहिला सांगायचा, सरळ ढोकाळीवरून जा. दुसरा म्हणायचा, त्यापेक्षा माझं ऐका. तिसरा आधी चौकशी करायचा, कुणाकडे जायचंय, कुठल्या शिफ्टला असतात, आणि मग पत्त्याऐवजी त्या माणसाची कुंडलीच मांडायचा. चौथ्याला काहीच माहीत नसायचं, पण सगळ्यांत ठामपणे तोच बोलायचा. नवखा माणूस हटकून त्याचंच ऐकायचा आणि बाळकुमच्या दिशेला लागायचा. तासाभरानं घामाघूम होऊन स्वारी परत नाक्यावर. मग त्याला चहा पाजून योग्य रस्त्याला लावायचं, हेही त्या चौघांचंच काम.

आता नाक्यावर कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारायला थांबावं तर डोक्यावर मेट्रोचा मार्ग आणि पायाशी गाड्यांची रांग. फोनमधली बाई सांगते, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. ती कुंडली विचारत नाही, आणि चुकली तर चहाही पाजत नाही. सँडोझ कंपनीही आता तिथे नाही. तिचा रसायनांचा धंदा १९९५ साली क्लॅरियंट या नावानं वेगळा झाला, पुढे क्लॅरियंटनंही कोलशेतची जमीन विकली, आणि जिथे शिफ्टचा भोंगा वाजायचा तिथे लोढा अमाराचे टॉवर उभे राहिले. 'सँडोझबाग' हे नाव तेवढं ४००६०७ या पिनकोडाला चिकटून आहे. टॉवरमधल्या मुलांना विचारलं, ही बाग कुणाची रे, तर म्हणतात, असेल कुणी सँडोझ नावाचा पारशी.

हे सगळं आठवायचं कारण असं, की जग एवढं पुढे गेलं तरी इंटरनेट अजून त्या जुन्या नाक्यावरच उभं आहे. डोंबिवलीतल्या मुलानं फोनवर बोट टेकवलं की त्याची विनंती एका नेटवर्कातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जात राहते. जगात अशी हजारो नेटवर्कं आहेत आणि प्रत्येकाला एक क्रमांक आहे. वाट ठरते ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. एक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, "अमुक अमुक पत्ते माझ्याकडे आहेत." शेजारी ते ऐकतो आणि पुढच्याला सांगतो, "ते पत्ते ना? माझ्यामार्फत जा." या पद्धतीचं नाव बीजीपी. १९८९ साली याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी जेवताना कागदी रुमालांवर तिचा आराखडा मांडला, म्हणून या धंद्यातले जुने लोक तिला रुमालांवरचा प्रोटोकॉल म्हणतात. तिच्यात एक नियम असा, की जो जास्त नेमकं सांगेल त्याचं ऐकायचं. नुसतं 'कोलशेत' म्हणणाऱ्यापेक्षा 'कोलशेत, हवाई दलाच्या भिंतीलगतची तिसरी गल्ली' म्हणणाऱ्याचं खरं. मग त्यानं ती गल्ली जन्मात पाहिलेली नसली तरी चालेल. सांगणाऱ्याला तसं सांगायचा अधिकार आहे का, हे तपासायची सोय मूळ आराखड्यात नव्हतीच. सगळे एकमेकांना ओळखत होते, तपासायचं कशाला?

आमच्यातल्या ज्यांना कोलशेत रोडवरच्या कारखान्यांत चिकटता आलं नाही, त्यांतले काही या धंद्यात शिरले. मीही त्यातलाच. आईवडिलांना आम्ही नक्की काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. "टेलिफोनमध्ये आहे," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे लगेच नंबर लवकर मिळेल का म्हणून विचारायचे.

तो प्रश्न त्या काळात चुकीचा नव्हता. ठाण्याला एमटीएनएल आणि कल्याण-डोंबिवलीला टेलिकॉम खातं, अशी वाटणी होती. डोंबिवलीच्या मावशीला फोन करायचा तर आधी ०२५१ लावायचं. लोकलनं अर्ध्या तासात गाठता येणारी मावशी फोनच्या लेखी परगावची. लागलेला फोन मावशीकडेच लागेल याचीही खात्री नसे. मध्येच कुणीतरी तिसराच, "हां शेठ, माल निघाला," असं बोलायला लागायचा, आणि आमच्या आया फोन ठेवून द्यायच्या ऐवजी श्वास रोखून ऐकत बसायच्या. दिवाळीला लाइनमन आला की त्याला फराळाचं ताट आणि पाकीट. ते दिलं नाही तर पावसाळ्यात आपलाच फोन आधी मरतो, अशी चाळीतली ठाम समजूत होती.

आता क्रॉस कनेक्शन लागत नाही. आवाज असा स्वच्छ येतो की समोरच्याच्या घरातली कुकरची शिट्टी मोजता येते. लाइनमनचा चेहरा आम्हाला माहीत नाही, त्याला आमचा नाही. तक्रारीला नंबर मिळतो आणि तक्रार मिटायच्या आधी 'आमच्या सेवेला किती तारे द्याल' हा निरोप येतो. फराळाच्या ताटाचा खर्च वाचला हे खरं, आणि त्या ताटात थोडी लाच होती हेही खरं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. सर्वसामान्य म्हणजे ज्याला परवडेल तो. १७२२२२ फिरवायचं, मोडेम आधी गुणगुणायचा, मग किंचाळायचा, मग खरवडल्यासारखा आवाज काढून गप्प व्हायचा. गप्प झाला की लागलं. घरात आधी दवंडी पिटायची, "कुणी फोन उचलू नका!" आजी हमखास उचलायची. पासवर्ड कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला, म्हणजे जानेवारीत कालनिर्णय बदललं की घरभर शोधाशोध.

त्या दिवसांबद्दल आम्ही फार हळवे होतो, पण खरं सांगायचं तर तेव्हाची व्यवस्था आजच्याहून कितीतरी उघडीवाघडी होती. पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जायचा. मध्ये बसलेल्या कुणालाही तो वाचता आला असता. पुढे केबलवाल्यानं गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून घरोघरी नेट दिलं, जिन्यातल्या मीटरच्या खोक्यात एक हब ठोकला, आणि कॉम्प्युटरवर 'नेटवर्क नेबरहूड' उघडलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा 'हिशेब फायनल नवीन' नावाचा फोल्डर आख्ख्या बिल्डिंगला दिसायचा. कुणी उघडायचं नाही. आम्हाला वाटायचं, काय साधी सरळ माणसं! त्या फोल्डरात चोरण्यासारखं काही नव्हतं, एवढाच त्या सरळपणाचा पाया. काकांचे पैसे बँकेच्या पासबुकात होते आणि पासबुक गोदरेजच्या कपाटात.

आज काकांचे पैसे, म्युच्युअल फंड, आधार, औषधांची यादी आणि नातवाच्या शाळेची फी, सगळं तारेवर आहे. तारेवरचं बोलणं मात्र आता कुलूपबंद असतं. पत्त्यापुढे कुलपाचं चित्र दिसतं, ओटीपी येतो, बोटाचा ठसा लागतो. वाट मात्र बरीच वर्षं तशीच राहिली, चौथ्या माणसाच्या भरवशावर.

त्या भरवशाची एक रीत होती, आणि ती गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. छोट्या कंपनीच्या नेटवर्क केंद्रात रात्रपाळीला एक माणूस, एक डुगडुगती खुर्ची आणि भिंतीवर चिकटवलेली फोन नंबरांची यादी. यादीत दुसऱ्या कंपन्यांच्या रात्रपाळीवाल्यांची नावं, आडनावं नाहीत. रात्री दोनला रहदारीचा आलेख अचानक कोसळला की त्यातला एक नंबर फिरवायचा. "अरे, झोपला होतास का? बघ जरा, आमचा प्रिफिक्स तुमच्याकडून अनाउन्स होतोय." (प्रिफिक्स म्हणजे पत्त्यांचा गट.) पलीकडून आधी जांभई, मग कीबोर्डचा खडखडाट, मग एक अस्सल शिवी, स्वतःलाच. "नवीन पोरानं फिल्टर काढला वाटतं. थांब." दोन मिनिटांत आलेख वर. "झालं का?" "झालं." "मग रविवारी येतोस का महापेला? रॅक लावतोय." काम एवढंच. तिकीट नाही, ईमेल नाही, कुणाच्या साहेबाला पत्ता नाही. महिन्याभरानं त्याचा आलेख कोसळला की तो आपल्याला उठवायचा.

आता यादी पोर्टलवर आहे. पोर्टलला लॉगिन आहे, लॉगिनला ओटीपी आहे आणि ओटीपी दिवसपाळीच्या माणसाच्या मोबाइलवर जातो. दोन मिनिटांचं काम तिकिटाच्या तीन पायऱ्या चढून पहाटेपर्यंत होतं. पण जुन्या रीतीत एक मेख होती. ती ओळखीच्या माणसांतच चालायची. व्हर्जिनियात किंवा कराचीत रात्रपाळीला कोण आहे, ते आमच्या यादीत नव्हतं.

२५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीच्या राउटरनं शेजाऱ्यांना सांगितलं, की इंटरनेटचा मोठा हिस्सा माझ्याकडे आहे. शेजाऱ्यांनी ऐकलं, त्यांच्या शेजाऱ्यांनी ऐकलं, आणि जगाची रहदारी त्या इवल्याशा गल्लीत शिरली. राउटरची वायर उपटली तरी अफवा फिरतच राहिली. धंद्यातली माणसं अजून त्या घटनेला त्या कंपनीच्या क्रमांकानं ओळखतात, सात हजार सात. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यासाठी त्यांनी यूट्यूबचे पत्ते आपल्याकडे असल्याचं घरातल्या घरात जाहीर केलं, ते चुकून घराबाहेर गेलं, हाँगकाँगच्या मोठ्या कंपनीनं न तपासता पुढे सांगितलं, आणि सुमारे दोन तास जगभरचं यूट्यूब इस्लामाबादच्या दिशेनं जाऊन गडप होत राहिलं. पाकिस्तानचा पत्ता यूट्यूबच्या स्वतःच्या पत्त्यापेक्षा जास्त नेमका होता ना!

आपण फार हसलो तेव्हा. पण २०१५ सालच्या मार्चमध्ये मुंबईच्या हॅथवेच्या नेटवर्कातून गूगलच्या वाटा एअरटेलला सांगितल्या गेल्या, एअरटेलनं त्या जगाला सांगितल्या आणि काही काळ गूगलकडे जाणारी माणसं हॅथवेच्या दारातून जायला लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एअरटेलच्या नेटवर्कानं दुसऱ्यांच्या मालकीचे १६,००० हून अधिक पत्त्यांचे गट आपले म्हणून जाहीर केले. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाकडून तसंच झालं, ३०,००० हून अधिक. या सगळ्यांत कुणाचा दुष्टावा होता असं कुणी म्हटलेलं नाही. बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी बोटांखालून एक ओळ निसटली. नाक्यावरच्या चौथ्या माणसाचाही दुष्टावा नसायचाच की. आम्हाला तर त्या बातम्यांत आपलंच कुणीतरी दिसायचं, डुगडुगत्या खुर्चीवर बसलेलं.

दुष्टाव्याचीही उदाहरणं आली. २४ एप्रिल २०१८ ला कुणीतरी अॅमेझॉनच्या नावं-पत्ते सांगणाऱ्या सेवेची वाट दोन तासांसाठी वळवून घेतली आणि क्रिप्टोच्या एका पाकिटसेवेचे ग्राहक बनावट साइटवर नेले. सुमारे दीड लाख डॉलर गेले. त्या दोन तासांत एकही वायर तुटलेली नव्हती, एकही यंत्र बंद नव्हतं. सगळे आलेख हिरवेगार.

औषध बरंच आधी सापडलं होतं. पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या दाखल्यावर पत्त्यांचा मालकच सही करून सांगतो, की हा पत्त्यांचा गट अमुक क्रमांकाच्या नेटवर्कनंच जाहीर करायचा. त्या सहीच्या कागदाला आरओए म्हणतात आणि सगळ्या व्यवस्थेला आरपीकेआय. तिचे नियम २०१२ साली छापून आले. त्याच साली आपल्याकडे पत्ते वाटायला आयआरआयएनएन सुरू झालं, निक्सीच्या छत्राखाली. कागद करायला वेगळे पैसे पडत नाहीत. पत्त्यांचं वार्षिक शुल्क नाहीतरी भरावंच लागतं. पोर्टलवर जायचं, गट निवडायचा, क्रमांक टाकायचा, जतन करायचं. दुसऱ्यांचे कागद तपासणारी सॉफ्टवेअरंही फुकट मिळतात. रूटिनेटर नावाचं एक तर जुन्या सर्व्हरवरही आरामात चालतं.

मग इतकी वर्षं कुणी करत का नव्हतं? कारण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे, हे आम्ही रेशनच्या रांगेत लहानपणीच शिकलो होतो. जुना राउटर ही तपासणी पेलत नाही, त्याचं सॉफ्टवेअर बदला, नाहीतर राउटरच बदला. तपासणी चालू केली की ज्या ग्राहकानं स्वतःचा कागद चुकीचा भरलाय त्याचीच वाट बंद होते, आणि तो फोन कुणाला करतो? आपल्याला. "कालपर्यंत चालत होतं, तुम्ही काय केलंत?" त्याला समजावणाऱ्या माणसाचा पगार हा या औषधाचा खरा भाव. आणि त्याहून जीवघेणी गोष्ट म्हणजे माझी तपासणी शेजाऱ्याला वाचवते, माझा कागद मला तेव्हाच वाचवतो जेव्हा शेजारी तपासणी करतो. दोघंही एकमेकांकडे बघत बसले. घरखर्चाच्या वहीत 'शेजाऱ्याच्या घराला कुलूप' हा रकाना कुणी घालतं का?

ग्राहकानं मागितलं असतं तर मालकानं केलं असतं. ग्राहक काय मागायचा ते आम्ही जवळून पाहिलंय. वीस वर्षांपूर्वी लीज्ड लाइन घ्यायला वागळे इस्टेटमधला कारखानदार यायचा तेव्हा पहिला प्रश्न, किती पडेल. दुसरा, कमी किती कराल. तिसरा, पावसाळ्यात बंद पडते का. या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला अजून आदर आहे, तो कोलशेत-बाळकुमचा पावसाळा बघितलेल्या माणसाचा प्रश्न होता. आता टॉवरमधला ग्राहक विचारतो, किती एमबीपीएस, पिंग किती, आणि सोबत ओटीटी कुठले. वाट कोण तपासतं, हा प्रश्न ना तेव्हा कुणी विचारला ना आता.

मोठ्या गिऱ्हाइकांचंही तेच. बँकेच्या निविदेत लिहिलेलं असतं, ९९.९ टक्के वेळ सेवा चालू हवी. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. यूट्यूबचे ते दोन तास त्यात चारदा मावतात. आणि तेवढीही कात्री लागत नाही, कारण वाट चोरीला गेली तरी लाइन चालूच असते. करारात लाइन मोजतात, वाट नाही. दंडाचं कलम वाचून वाचून आमचे वकील म्हातारे झाले, पण 'खोटी वाट स्वीकारल्यास' असं कलम मी एकदाही पाहिलं नाही.

उलट, दिसणाऱ्या बंदोबस्ताला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजत आलोय. चाळीत लोखंडी जाळी लावली, दाराला लॅच, वर कडी, वर कुलूप. सोसायटी झाल्यावर गेटवर वॉचमन बसला आणि त्याच्यापुढे वही. येणाऱ्यानं नाव, कुणाकडे, गाडी नंबर आणि सही करायची. आमच्या सोसायटीच्या वहीत अमिताभ बच्चन बऱ्याचदा येऊन गेले आहेत. वॉचमन वही वाचत नसे, तो माणूस बघायचा. "तुम्ही जोशीकाकूंचे जावई ना?" म्हणून आत सोडायचा. आता गेटवर ॲप आहे, चेहऱ्याचा फोटो निघतो, मालकाच्या फोनवर परवानगी मागितली जाते. जोशीकाकूंच्या जावयाला पंधरा मिनिटं गेटवर उभं राहावं लागतं, कारण काकू फोन चार्जिंगला लावून देवळात गेलेल्या असतात. वार्षिक सभेत कॅमेऱ्यांचा खर्च एका दमात मंजूर होतो, टाळ्यांसकट. कॅमेरा दिसतो. त्याच सभेत "आपल्या इंटरनेटवाल्याला राउटिंगबद्दल विचारूया" म्हणून बघा. सेक्रेटरी म्हणेल, साहेब, आधी लिफ्टचं बोलू.

एक रात्र मात्र अशी आली होती की सगळ्या ठाण्यानं राउटिंगबद्दल फोन केले. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम गेलं. फेसबुकच्याच देखभालीच्या कामात त्यांच्या नेटवर्कनं आपले पत्ते जाहीर करायचं थांबवलं होतं. म्हणजे नाक्यावर कंपनीचा पत्ता सांगणारं कुणी उरलंच नाही. सहा तास. त्यांच्या स्वतःच्या इंजिनिअरांना इमारतीत शिरता येईना, कारण दारंही त्याच नेटवर्कवर. इकडे कोलशेतला माणसं गॅलरीत आली, राउटर बंद-चालू करून पाहिला, मग खाली लॉबीत उतरली. "तुमच्याकडे येतंय का?" "नाही हो." "मला वाटलं आमचंच गेलं." चाळीत लाइट गेल्यावर जसं बोलणं व्हायचं अगदी तसंच, फक्त उदबत्त्या आणि मेणबत्त्या नव्हत्या. आणि सगळ्यांनी शिव्या घातल्या केबलवाल्याला. त्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता, पण त्याचाच नंबर लोकांकडे होता.

मग हे औषध शेवटी घेतलं कुणी? ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी. २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एटी अँड टीनं खोट्या ठरणाऱ्या वाटा टाकून द्यायला सुरुवात केली. २०२० साली जपानची एनटीटी आणि युरोपातली टेलिया यांनीही तेच केलं. त्याच एप्रिलमध्ये क्लाउडफ्लेअरनं एक पान उघडलं, ज्यावर कुणालाही आपला इंटरनेटवाला तपासणी करतो की नाही ते बघता येऊ लागलं. मुंबईत डीई-सीआयएक्सच्या, नेटवर्कांच्या देवघेवीच्या चौकात खोट्या वाटा बाहेरच अडवल्या जातात. २०२४ च्या मे महिन्यात जगातल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या निम्म्याहून अधिक वाटांवर सही आली. त्याच सप्टेंबरात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयानं आराखडा काढला आणि त्यात सुचवलं, की सरकारनं स्वतः ग्राहक म्हणून कंत्राटात हे मागावं. साधं गिऱ्हाईक मागत नाही, तर निदान सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकानं मागावं. मला ही सूचना अतिशय शहाणपणाची वाटते, आणि आपल्याकडच्या निविदांत हे कलम यायला हरकत नाही असंही वाटतं. कागद लिहिण्यात आपण कुणाला ऐकत नाही.

औषधाचेही भोग आहेत. सही फक्त एवढंच सांगते, की पत्ते कुणी जाहीर करायचे. मधली वाट खरी की खोटी, हे ती सांगत नाही. मार्च २०१५ च्या त्या गूगलच्या भानगडीत मालकाचं नाव अगदी बरोबर होतं, फक्त जायचं दार चुकीचं होतं. तिथे ही सही मुकाट्यानं बघत बसली असती. आख्खी वाट पाऊल-पाऊल सहीनिशी तपासायची पद्धत २०१७ साली कागदावर आली, पण तिचा बोजा एवढा की ती जवळजवळ कुणीच वापरत नाही. आणि ३ जानेवारी २०२४ ला स्पेनमध्ये तर गंमतच झाली. ऑरेंज कंपनीच्या पत्त्यांचं खातं कुणीतरी उघडलं आणि त्यात खोट्या सह्या केल्या. आता जग सह्या तपासत होतं, म्हणून जगानं ऑरेंजच्या खऱ्या वाटा खोट्या ठरवून टाकून दिल्या आणि कंपनीचे ग्राहक काही तास इंटरनेटविना बसले. जगानं सह्या तपासल्याच नसत्या तर एवढं बिघडलं नसतं. खात्याचा पासवर्ड होता 'रिपअॅडमिन'. आमचा कालनिर्णयमागचा पासवर्ड याहून अवघड होता, निदान तो वाचायला आधी खिळ्यावरून कालनिर्णय उतरवावं लागायचं.

रात्रपाळीच्या त्या यादीतली बरीच नावं आता निवृत्त झाली. कुणी ऐरोलीच्या डेटा सेंटरात सल्लागार आहे, कुणी कॅनडात मुलाकडे बर्फ उपसतोय. भेटलो की आम्ही जुन्या रात्रींच्याच गोष्टी काढतो, कुणी कुणाला किती वाजता उठवलं होतं. तरुण इंजिनिअर शेजारी बसलेला असला तर सभ्यपणे ऐकतो आणि म्हणतो, "सर, पण तो प्रिफिक्स मुळात स्वीकारलाच कसा तुम्ही?" याला आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही ओळखीवर स्वीकारत होतो. तो यंत्राला विचारतो, यंत्र नाही म्हणतं, वाट टाकली जाते, आणि रात्री दोन वाजता कुणी उठत नाही. त्याचं बरोबर आहे. त्याच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीतल्या एकाही रात्रपाळीवाल्याचा नंबर नाही, हेही तितकंच खरं, आणि ज्या दिवशी यंत्र चुकेल त्या दिवशी तो कुणाला उठवणार, हे मी त्याला विचारलं नाही. पोराचा मूड कशाला घालवायचा.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत इंटरनेटचं कंत्राट नूतनीकरणाला आलं. तीन कंपन्यांचे प्रतिनिधी आले, तिघांकडे तेच चकचकीत फोल्डर. कमिटीनं दर विचारला, ओटीटी विचारले, क्लब हाउसला फुकट वायफाय कबूल करून घेतलं. मीही माझा प्रश्न विचारून घेतला, "तुम्ही खोट्या वाटा टाकून देता का? आरपीकेआय तपासता?" दोघांनी "हो हो, फायरवॉल आहे ना," असं सांगितलं. तिसरा पोरगा टिटवाळ्याचा, नवीनच लागलेला. त्यानं प्रश्न मोबाइलवर टिपून घेतला आणि म्हणाला, "काका, हे आमच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं नाही, पण विचारून सांगतो." दोन दिवसांनी त्याचा खरंच फोन आला. "काका, टेक्निकलवाल्यांना विचारलं. ते चालू आहे आपल्याकडे, बरीच वर्षं झाली म्हणे." मी म्हटलं, मग फोल्डरमध्ये का नाही छापत? तो म्हणाला, "मी पण तेच विचारलं. ते म्हणाले, आजपर्यंत कुणी विचारलंच नाही. त्याचे वेगळे चार्जेस लावायचे का, असं आता साहेब विचारतायत."